चालत्या यंत्राला घरचं वळण

चांगलं चालत असलेलं यंत्र मी एकदा बंद पाडलं, आणि कारण विचाराल तर एवढंच, की ते विकतचं होतं. म्हणजे यंत्र विकतचंच असणार, संगणक काही कोणी अंगणात लावत नाही. मी म्हणते आहे ती त्याच्या आतली व्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कंपनीनं तयार करून टेपवर भरून पाठवलेली, लावली की सुरू. ती मी काढून टाकली आणि तिच्या जागी स्वतःच्या हातानं बनवलेली बसवली. का? तर घरचं ते घरचं.

हसा. माझी नात तर हे ऐकून खुर्चीवरून घसरली. ती याच धंद्यात आहे आणि तिच्या मंडळींत म्हणे अजून हाच वाद पेटलेला असतो: प्रोग्रामच्या मूळ मजकुरापासून सगळं आपल्याच यंत्रावर बांधून घेतलेली सिस्टिम जास्त भरवशाची, की दुसऱ्यानं आधीच बांधून दिलेली? मी तिला म्हटलं, तुम्ही नुसते वाद घाला. तुझ्या आजीनं त्यापायी एका पोटुशीला रडवलेलं आहे.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संगणक केंद्रात मी काम करायची. आमची खोली वातानुकूलित, कारण यंत्राला उकाडा सोसायचा नाही. माणसांना सोसतो असं सगळ्यांनी धरून चाललेलं. त्यामुळे एप्रिल उजाडला की कॉलेजातल्या निम्म्या लोकांना आमच्याकडे काही ना काही तातडीचं काम निघायचं. चपला बाहेर काढायच्या, आत यायचं, आणि "जरा टायमिंग विचारायचं होतं" म्हणत अर्धा तास उभं राहायचं.

मी तेव्हा पस्तिशीची. अंगावर चापूनचोपून नेसलेली सुती साडी, खांद्याला पर्स आणि डोक्यात भरपूर हवा. युनिक्स घराण्यातली सिस्टिम येणारी गावात माणसं कमी, बायका त्याहून कमी, आणि त्यात मी. मग काय विचारता.

आमच्या कपाटात दोन प्रकारच्या टेपा होत्या. एक कंपनीची, तयार. दुसरी आमच्या केंद्रप्रमुख सरांनी परदेशातल्या एका विद्यापीठाकडून रीतसर परवाना घेऊन मागवलेली. तिच्यात तयार असं काहीच नाही. नुसता मजकूर, सी भाषेत लिहिलेला, माणसाला वाचता येणारा. तो कंपायलर नावाच्या प्रोग्रामपुढे टाकायचा, तो त्याचं यंत्राला कळणारं रूप करून देणार, मग ते तुकडे जोडून आपली सिस्टिम आपणच उभी करायची. पहिली टेप म्हणजे रेडिमेड शर्ट, दुसरी म्हणजे गांधीबागेतून आणलेलं ताग्यातलं कापड. शर्ट आज घाला. कापडाचं आधी माप घ्या, बेता, कापा, शिवा, आणि बगलेत दाटलं तर स्वतःलाच शिव्या द्या.

आता मला हे शिवणकाम सुचलं कुठून? सासरहून. माझ्या माहेरी सगळं बाजारातून यायचं. लग्न होऊन आल्यावर मी पहिल्याच आठवड्यात हळदीचं पाकीट आणलं, तर सासूबाईंनी ते दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात असं पाहिलं, जसा त्यात विंचू असावा. "विकतचं म्हणजे कोणाच्या हातचं, काय माहीत," त्या म्हणाल्या. आमच्याकडे तिखट घरी कुटलेलं, मसाला घरचा, शेवया, सरगुंडे, मूगवड्या, पापड, सगळं घरचं. सुरुवातीला मी मनातल्या मनात खूप कुरकुरले. पण बाटलेला माणूस जास्त कडवा असतो. दहाएक वर्षांत मी अशी बाटले, की शेजारणीच्या घरचं लोणचंसुद्धा मला परकं वाटायला लागलं.

तर असा हा धर्म घेऊन मी यंत्रापाशी गेले. कंपनीची सिस्टिम मुकाट चालत होती. तिच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, हीच तिची खोट. आत काय आहे ते दिसत नाही, कोणाच्या हातचं ते माहीत नाही. मी सरांच्या मागे लागले. सर मुळात सिव्हिलचे, पाण्या-मातीतले. संगणक केंद्र त्यांच्या गळ्यात पडलेलं. ते म्हणाले, "बाई, चालून राहिली आहे ना? मग काहून छेडता?"

"सर, आपल्या हातानं बांधली की आपल्या यंत्राच्या मापाची होईल. नको ते वगळता येईल. पक्की होईल."

"करा बापा," सर म्हणाले. ते निवृत्तीला आले होते. निवृत्तीला आलेला माणूस फार लवकर "करा बापा" म्हणतो.

मी बांधली. महिना-दीड महिना लागला. धान्यातून खडे वेचावेत तसे नको ते भाग वेचून काढले. आमच्याकडे नसलेल्या उपकरणांचे भाग बाहेर, हवे तेवढेच आत. आणि खरं सांगायचं तर ती चालली. थोडी चपळही वाटली. वाटली म्हणते, कारण मी ते कधी मोजलं नाही. स्वतःच्या हातच्या पोळ्या कोणी तोलून पाहतं का? केंद्रात येईल त्याला मी दाखवायची, "हे सगळं इथं बांधलंय बरं का, तयार नाही." ज्यांना दाखवायची त्यांचं लक्ष वाऱ्याच्या झोताकडे.

मग मे लागला. प्रोजेक्टवाली पोरं रांगा लावायला लागली आणि यंत्र एका वेळी जितके प्रोग्राम चालवू द्यायचं ते अपुरे पडायला लागले. हा आकडा सिस्टिमच्या एका फाइलीत लिहिलेला असतो. विकतच्या सिस्टिममध्ये तो हलवण्याची मुभा मर्यादित. पण माझी तर घरची! मी ती फाइल उघडली आणि आकडा वाढवला.

इथं एक साधी गोष्ट समजून घ्या. सिस्टिमचा गाभा अनेक तुकड्यांचा असतो आणि हे सगळे तुकडे त्या एकाच मापाच्या फाइलीवर बेतलेले असतात. माप बदललं की प्रत्येक तुकडा नव्यानं कंपाइल करायचा, एकही सोडायचा नाही. काजांच्या जागा बदलल्या तर बटणांच्याही बदलाव्या लागतात, तसं. त्याला त्या काळी अख्खा दिवस लागायचा. आणि नेमक्या त्याच दिवशी घरी कुरडयांचा चीक तयार होता. चीक कोणासाठी थांबत नाही. सासूबाईंनी आळीतल्या बायकांना बोलावून ठेवलेलं, आणि सूनच नाही म्हटल्यावर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. मी घाईनं महत्त्वाचे वाटले ते तुकडे नवे केले, बाकीचे जुनेच जोडले. प्रिंटरचा तुकडा तर मी हसण्यावारी नेला. प्रिंटरचा आणि या आकड्याचा काय संबंध? यंत्र सुरू केलं, सुरू झालं, आणि मी कुरडया घालायला घरी.

आता पाणीवालीकडे येते. ही सरांची विद्यार्थिनी, पीएचडीची. विदर्भातल्या काळ्या खडकाखालून विहिरींचं पाणी कसं सरकतं त्याचं गणित ती आमच्या यंत्रावर करायची, म्हणून मी तिला पाणीवाली म्हणायची. कन्हान नदीपलीकडच्या एका शेतकरी घरातली. घराण्यात शाळा पुरी करणारी ती पहिली आणि पोटात सात महिने सरलेले. जूनअखेर सर निवृत्त होणार. ते गेले की मार्गदर्शक गेला, दुसरा शोधायचा म्हणजे पुन्हा आरंभापासून. बाळ येणार तेही जूनमध्येच. आणि सासरी काय ठरलेलं, ते तिनं मला डबा खाताना सांगितलं होतं.

"सासरे म्हणून राह्यले, लेकरू झाल्यावर कोणची पीएचडी न् कोणचं काय. आता होते तं होऊ दे, नाई तं सोडून दे."

"आणि तुझे यजमान?"

"ते कायले बोलतात? ते आपल्या बापासमोर फक्त जेवाले तोंड उघडतात."

तिचं गणित सलग काही दिवस चालायचं. ते पूर्ण होणं, त्याच्या आकृत्या निघणं, प्रबंध बांधून देणं, हे सगळं माहेरी बाळंतपणाला जाण्याआधी. एवढाच अवधी. आणि त्याच्या आड माझी घरची सिस्टिम उभी.

पहिल्यांदा यंत्र बंद पडलं तेव्हा मी म्हटलं, ऊन. बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीसचा पारा, एसीचीही काही मर्यादा असते. पाणीवालीनं गणित पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा मी व्होल्टेजला दोष दिला आणि वीज खात्याला मनसोक्त नावं ठेवली. तिसऱ्या वेळी यंत्राच्या मागे पाल सापडली. मला इतका आनंद झाला! मी ती पाल सगळ्यांना दाखवली. बिचारीला हाकलून लावलं, आणि दुपारी यंत्र पुन्हा पडलं.

मध्ये मध्ये आकडे डिस्कवर साठवायची सोय पाणीवालीनं करून ठेवली होती, पण यंत्र कोसळायचं तेव्हा साठवलेलंही कधी कधी चुरगळायचं. ती पोटाला हात लावून हळूच खुर्चीवर बसायची आणि पहिल्यापासून लावायची.

सर एकदा दारातून डोकावले. मी स्क्रीनवर मजकुराच्या ओळीच्या ओळी पाहत बसले होते. "बाई, ती मशीन आहे की तुमची ओसरी? रोज काय सारवून राहिल्या?"

"सर, कारण सापडलंच आहे जवळजवळ."

"कालही जवळजवळच होतं."

मला राग आला. खरं होतं ना, म्हणून. घरी सासूबाईंनी विचारलं, तोंड का उतरलंय. मी म्हटलं, एका पोटुशा मुलीचं काम अडलंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी डब्यात मूगवड्यांची भाजी आणि तळलेल्या कुरडया दिल्या. पाणीवालीनं त्या अशा खाल्ल्या की मला समाधान वाटलं. बोटं चाटून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, एक बोलू? रागावसान नाई ना?"

"बोल वं."

"तुमच्या घरचं खायाचं लई चांगलं राह्यते. पण ती घरची सिस्टिम मले नका वाढू आता. मले ते विकतचीच लावून द्या."

मी तिला समजावायला लागले. विकतच्या सिस्टिममध्ये आत काय आहे ते दिसत नाही, हिच्यात दिसतं. हिच्यात चूक निघाली तर आपण शोधू शकतो, दुरुस्त करू शकतो. तीत चूक निघाली तर कंपनीच्या तोंडाकडे पाहत बसावं लागतं. माझा एकही मुद्दा खोटा नव्हता. आजही नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिचे डोळे भरले. ती आवाज न करता रडायची, तेच वाईट. "तुमाले चूक सापडन ना ताई, जरूर सापडन. पण कवा? मी काई पुन्हा नाई येत इथं. मले चूक नाई पाह्यजे, मले पाणी पाह्यजे."

मी उठले आणि कपाटातून कंपनीची टेप काढली.

तिचा डेटा आधी एका कोऱ्या टेपवर उतरवून घेतला, दोनदा तपासला. टेपच्या यंत्राचं हेड स्पिरिटच्या कापसानं पुसलं. रीळ चढवलं. मग यंत्रानं तो प्रश्न विचारला, जो असली यंत्रं नेहमी अगदी थंडपणे विचारतात: डिस्कवरचं सगळं पुसायचं का, हो की नाही. हो म्हणायला एक अक्षर दाबायचं होतं. मी बोट नेलं आणि ते तिथंच राहिलं. वेचलेले खडे, जोडलेले तुकडे, येईल त्याला केलेली ती मिरवणूक, सगळं त्या एका अक्षराच्या पलीकडे जाणार होतं. मी म्हटलं, "एकदा ती आकड्याची फाइल पुन्हा बघू का? पाच मिनिटं."

पाणीवाली पोट सांभाळत माझ्या खांद्यावरून वाकली, आणि तिनंच ते अक्षर दाबलं.

"झालं," ती म्हणाली. "आता पाहा तुमी पाच मिनिटं."

विकतची सिस्टिम चढली. गणित लागलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मी कारण नसताना दर तासाला खोलीत चक्कर मारायची. मनाच्या अगदी तळाशी, सांगायला लाज वाटते, ती एकदा तरी पडावी असं वाटत होतं. पडली नाही. मुकाट चालली आणि एका सकाळी पाणीवालीचं सगळं पाणी यंत्रातून बाहेर आलं. ती आकड्यांकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. मला तेव्हा कळलं की मी इतके दिवस यंत्राकडेच पाहत होते.

पण देवालाही माझी जरा दया आली असावी. आकृत्या छापायची वेळ आली, तेव्हा त्या विकतच्या सिस्टिमनं दगा दिला. तिचा छपाईचा प्रोग्राम मोठी आकृती आली की मधल्या ओळी गिळायचा. विहिरींचा नकाशा अर्धा उतरायचा आणि कन्हानचं पात्र मध्येच गुप्त व्हायचं. कंपनीला फोन लावला. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीनं म्हणाला, हो, ही अडचण सगळीकडेच आहे, पुढच्या टेपमध्ये दुरुस्त होईल. पुढची टेप कधी? दिवाळीच्या सुमारास.

मी पाणीवालीकडे पाहिलं. हसू दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नसावं.

"हसून काहून राह्यल्या?" ती म्हणाली. "आता येते का तुमाले काई, का नाई?"

येत होतं. बाकी कशाला धक्का न लावता मी तेवढ्या एकाच प्रोग्रामचा मूळ मजकूर विद्यापीठाच्या टेपवरून काढला. छपाईच्या ओळी जिथं साठवल्या जातात ती जागा त्यात फारच तोकडी ठेवलेली. ती वाढवली, तेवढाच प्रोग्राम कंपाइल केला, विकतच्या घरात ती एक घरची वस्तू ठेवली, आणि नकाशा अखंड उतरला. नदीसकट. पाणीवालीनं कागद हातात धरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसली. सर आले, चष्मा वर करून पाहिलं, म्हणाले, "हे जमलं बाई," आणि निवृत्तीला आलेल्या माणसाला शोभेल अशा संथपणे निघून गेले.

माझी स्वतःची चूक मला नंतर निवांतपणी जुनी टिपणं चाळताना सापडली. तो जुना राहिलेला प्रिंटरचा तुकडा. कोणी काही छापायला दिलं की तो जुन्या मापानं हात घालायचा आणि भलत्याच जागी लिहायचा. मग थोड्या वेळानं सगळा डोलारा खाली. ऊन नाही, वीज नाही, पाल तर नाहीच. त्या पालीची माफी मागायची राहूनच गेली.

नात विचारते, मग शेवटी कोणती सिस्टिम पक्की? मी तिला सांगते ते असं. विकतची आजारी पडली की सगळ्या गावाला एकच आजार होतो. निदान कोणीतरी म्हणतो, हो, आमच्याकडेही तसंच, अमुक करून पाहा. घरची आजारी पडली तर तो आजार जगात फक्त तुमचाच. औषध तुमच्या हाती असतं हे खरं, पण वैद्यही तुम्हीच, रोगही तुम्हीच लावलेला, आणि त्या दिवशी तुमच्या घरी कुरडया असतात. बांधणारा शेवटच्या तुकड्यापर्यंत न कंटाळता बांधणार असेल, तर घरच्यासारखं पक्कं काही नाही. मी कंटाळले होते. एवढाच काय तो सिद्धांत. नातीला तो पटत नाही. तिच्या वयात मलाही पटला नसता.

पाणीवालीचा प्रबंध सरांच्या सहीनिशी वेळेत गेला. आम्ही तिच्यासाठी केंद्रातच छोटंसं डोहाळजेवण केलं, सासूबाईंनी सरगुंड्यांची खीर पाठवली, आणि वातानुकूलित खोलीत खायला बंदी असल्यानं आम्ही ती बाहेर जिन्यात घाम पुसत खाल्ली. मग ती माहेरी गेली. जून गेला, सर गेले, जुलै लागला. तिची काही खबर नव्हती आणि मला करमत नव्हतं. प्रत्येक फोनला मीच धावायची.

एका दुपारी फोन वाजला. तारेत खरखर, मागे कोणाच्या तरी दुकानातली गिऱ्हाइकं बोलत होती. मी हॅलो म्हणायच्या आतच ती म्हणाली:

"ताई, पोरगी झाली. जलमल्यापासून चालूच हाय, एक डाव बी बंद नाई पडली, रात्री तं बिलकुलच नाई. बारश्याले या नक्की, पण तिच्यातलं काई बदलवू नका."